दोघांचा सुट्टीचा दिवस: आधी दुकान की आधी स्पा? (आणि जोडीदाराने निवडलेले विचित्र कपडे)

रानजाई

आमच्याकडे दोघांनी बाहेर पडायचा एक साधा नियम आहे. दिवसाचे दोन भाग करायचे, एक त्याचा, एक माझा. ज्याचा भाग त्याने ठरवायचं आणि दुसऱ्याने मनापासून सामील व्हायचं. बाकावर मोबाइल घेऊन बसणं, "तू बघ, मी इथेच आहे" असं म्हणणं चालत नाही. त्याला स्पा आवडतो. सौना, गरम पाण्याचं कुंड, मसाज, आणि मग बराच वेळ काहीही न बोलता पडून राहणं. मला कपडे आवडतात, पण रोजचे नाहीत. आधी कोणीतरी वापरलेले जुने, अजब काटछाटीचे, एक बाही लांब आणि एक आखूड असलेले, बघताक्षणी "हे घालायचं कुठून?" असा प्रश्न पडणारे.

बहुतेक जोडपी आधी स्पा आणि मग ताजंतवानं होऊन खरेदी असा बेत करतात. आमचं मत बरोब्बर उलटं आहे. आधी दुकान, मग स्पा.

पहिलं कारण तेल. मसाजनंतर कितीही पुसा, शॉवर घ्या, मानेवर, कानामागे, केसांच्या मुळाशी थोडं तेल राहतंच. आणि मी ज्या कपड्यांच्या मागे असते ते बहुतेक सगळे तेलाचे वैरी. पुन्हा कधीच मिळणार नाही अशा जुन्या रेशमी झग्याच्या गळ्यावर आपल्या मानेचा डाग उमटवून यायचं, हे मला अजिबात पटत नाही. लेटेक्सचं तर बोलायलाच नको. ते नैसर्गिक रबर. तेल लागलं की फुगतं, कमकुवत होतं आणि ताण पडला की फाटतं.

दुसरं कारण पाय. दिवसभरात पावलं थोडी सुजतात, म्हणून बूट दुपारनंतर घ्यावेत हे ठीकच. पण सौनातून किंवा गरम कुंडातून नुकतं बाहेर आलेलं पाऊल नेहमीच्या मापाचं नसतं. त्याला चपखल बसलेला बूट दुसऱ्या दिवशी सैल होतो.

तिसरं कारण माझ्या लेखी सगळ्यात मोठं. मसाजनंतर माणूस कशालाही हो म्हणतो. साधा शर्ट घेताना ते खपून जाईल, पण वेगळा कपडा घ्यायचा तर डोकं जागं पाहिजे. हा आपल्या अंगावर खरंच उभा राहील का, की नुसता दुकानातच छान दिसतोय, हे ओळखायला धार लागते.

आता दुसरा नियम, ज्यासाठी खरं तर या फोरमवर हा धागा काढला. दुकानात गेल्यावर प्रत्येकाने दुसऱ्यासाठी एक कपडा निवडायचा. दुसऱ्याने तो घालायचाच आणि ट्रायल रूममधून बाहेर यायचंच. विकत घ्यायची सक्ती नाही. नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही. पण घालून, आरशासमोर उभं राहून, चार पावलं चालून बघायचं.

माझा नवरा कायम राखाडी रंगात. मी त्याच्यासाठी एक घोट्यापर्यंत येणारा, बारीक उभ्या चुण्यांचा गडद हिरवा कोट निवडला. पडदा सरकवून तो बाहेर आला तेव्हा त्याने हात खिशात घातले नव्हते. एरवी फोटोतसुद्धा त्याचे हात खिशात असतात. चुण्या हलतात म्हणून तो हळू वळून बघत होता, डावीकडे, मग उजवीकडे. इतकी वर्षं सोबत राहून हा वळणारा माणूस मी पाहिलाच नव्हता. आणि त्याने माझ्यासाठी जे काढलं ते मोठ्या, टोकदार खांद्यांचं जाकीट. मी स्वतःला नेहमी मऊ, सैल कपड्यांत बघते. त्याला मी तशी दिसत नाही, हे मला त्या जाकिटाने सांगितलं. ते आम्ही घेतलं.

तुम्ही असे दिवस कसे आखता? आधी काय, नंतर काय? आणि जोडीदाराने निवडलेलं काही घालून पाहिलंय का?

तळटीप (प्रतिसाद)

आधी दुकान +१. ओल्या केसांनी गळाबंद कपडे घालून बघणं म्हणजे शिक्षा.

सांजसावली

धागा आवडला, पण क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मला ठामपणे मांडायचंय.

ट्रायल रूमच्या त्या वरून पडणाऱ्या पांढऱ्या दिव्यात मला माझं शरीर कधीच आवडत नाही. पोट, दंड, पाठीवरच्या वळ्या, सगळं आधी दिसतं आणि कपडा नंतर. मसाजनंतर मात्र त्याच शरीराची कोणीतरी तासभर नीट काळजी घेतलेली असते. खांदे खाली आलेले असतात, श्वास लांब झालेला असतो. त्या अवस्थेत आरशासमोर गेले की मी स्वतःशी बरी वागते. एरवी हातसुद्धा लावला नसता असे कपडे मी तेव्हाच घालून पाहिले आहेत. तुम्ही म्हणता मसाजनंतर माणूस हो म्हणतो. माझ्यासारखीला तो होच हवा असतो, कारण एरवी माझं उत्तर आधीच "नाही" असतं.

तेलाचा मुद्दा मान्य. त्यावर उपाय आहे का कोणाकडे?

वाफ

मी मसाज थेरपिस्ट आहे, तर सांगतो. उपाय आहे आणि सोपा आहे: बिनतेलाचा मसाज घ्या. थाई मसाज अंगावर सैल कपडे ठेवूनच करतात, त्यात ताण देणं आणि दाब असतो. जपानी शियात्सूही कपड्यांवरूनच, बोटांच्या आणि तळव्यांच्या दाबाने. दोन्हींनंतर थेट रेशीम घालून बघा, काही होणार नाही. तेलाचाच हवा असेल, म्हणजे स्वीडिश किंवा अभ्यंगासारखा, तर तो दिवसाच्या शेवटी ठेवा आणि नंतर घरीच जा. शिरोधारेनंतर, म्हणजे कपाळावर तेलाची धार सोडतात त्यानंतर, तर केसांचं जे होतं ते घेऊन कुठेही जाऊ नका.

तेलाबद्दल अजून एक. सुगंधी तेलांत बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) असेल तर ते त्वचेवर असताना उन्हात फिरू नका. त्यातल्या बर्गॅप्टेन या घटकामुळे ऊन लागलेल्या जागी त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग बरेच दिवस राहतात. बर्गॅप्टेन काढून टाकलेलं तेलही मिळतं. कोणतं वापरताय ते थेट विचारा, विचारण्यात काही वावगं नाही.

स्पाच्या आतलाही क्रम बघा. आधी उष्णता, मग मसाज. स्नायू सैल झालेले असले की आमचं काम अर्धं होतं. तेल लावलेल्या अंगाने सौनात जाऊ नये, तुम्हालाही त्रास आणि बाकावर नंतर बसणाऱ्यालाही. सौना आणि स्टीम एकच समजणारे खूप भेटतात. सौनात हवा कोरडी असते, तापमान ८० ते १०० अंश सेल्सिअस असलं तरी सहन होतं कारण घाम उडून जातो आणि शरीर गार राहतं. स्टीम रूममध्ये तापमान ४० ते ५० अंशच, पण हवेत वाफ इतकी की घाम उडतच नाही. म्हणून कमी आकडा बघून स्टीममध्ये जास्त वेळ बसणारे चक्कर येऊन बाहेर येतात. जोडीने गेलात तर दोघांनी एकाच वेळी बाहेर पडायचा हट्टही नको. ज्याला पुरे वाटलं त्याने उठावं, दुसऱ्याने त्याला चिडवू नये.

आत जाण्याआधी दागिने, घड्याळ काढा, धातू तापतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. दारू पिऊन सौनात अजिबात जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. रक्तदाब खाली जातो, शुद्ध हरपू शकते. गरोदरपण, हृदयविकार, रक्त पातळ करणारी औषधं, पायात गुठळी झाल्याचा इतिहास, नुकतीच शस्त्रक्रिया, ताप यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि आल्यावर आम्हालाही सांगा. फॉर्मवर लिहायला लाजतात लोक. जोडीदारासमोर सांगायचं नसेल तर एकट्याने बाजूला येऊन सांगा, आम्ही ते आमच्यापाशीच ठेवतो.

अबोली

वाचतेय, छान माहिती. माझी अडचण वेगळी आहे. माझ्या नवऱ्याला परक्या माणसाचा स्पर्श नको वाटतो. जबरदस्ती करायची नाही, पण मला स्पा खूप आवडतो आणि तो बाहेर गाडीत बसून राहिला की माझा जीव लागत नाही. काय करावं?

वाफ

अबोलीताई, स्पर्श नको वाटणं हे अगदी सरळ कारण आहे, त्यावर उपचार करायचा नसतो. स्पाचं मूळ मसाजात नाही, पाण्यात आहे. २०२१ मध्ये युनेस्कोने युरोपातली ७ देशांतली ११ स्पा शहरं जागतिक वारसा यादीत घेतली. बेल्जियममधलं स्पा नावाचंच शहर, इंग्लंडमधलं बाथ, जर्मनीतलं बाडेन-बाडेन, चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी अशी. ही सगळी शहरं जमिनीतून येणाऱ्या खनिजयुक्त पाण्याभोवती वाढली. बाथच्या झऱ्याचं पाणी साधारण ४६ अंशाला येतं, रोमन लोकांनी तिथे स्नानगृह बांधलं. लोक तिथे जायचे ते पाण्यात बसायला, चालायला, गप्पा मारायला.

तर त्यांच्यासाठी कुंड, सौना, विश्रांतीची खोली एवढंच घ्या. कोणी हात लावणार नाही. सौनाही काही कमी नाही. फिनलंडची लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास आणि सौना तीसेक लाख. त्यांची सौना संस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. तुम्ही मसाज घेताय तेवढा वेळ ते कुंडात असतील. मग विश्रांतीच्या खोलीत दोघं एकत्र. पुढे कधी त्यांना वाटलं तर फक्त तळपायांचा किंवा हातांचा मसाज घेऊन पाहता येईल. मध्येच थांबवायचा हक्क त्यांचा, कधीही.

जोडप्यांच्या खोलीबद्दलही इथेच सांगतो. दोन टेबलं, दोन थेरपिस्ट, एकदमच सुरुवात. बरेच जण समजतात की आपण एकमेकांशी बोलत राहायला हवं. नका बोलू. शेजारी असणं पुरतं. आणि दाब किती हवा ते प्रत्येकाने स्वतःचं स्वतः सांगा. "हिला हलकाच करा" असं नवऱ्याने सांगितलेलं मी ऐकून घेतो, पण विचारतो तिलाच.

उभाआडवा

विचित्र कपड्यांच्या बाजूने बोलायला कोणी पुरुष दिसला नाही, म्हणून आलो. आमच्याकडे उलटं आहे, कपड्यांचं वेड मला, आणि बायको साधी राहणारी.

मला फाटलेल्या बोटांचे, म्हणजे अंगठा वेगळा असलेले ताबी बूट आवडतात. जपानी मोज्यांवरून ते घेतले. मार्टिन मार्जेला या बेल्जियन डिझायनरने १९८८ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या पहिल्या शोमध्ये मॉडेल्सच्या त्या बुटांना लाल रंग लावून पांढऱ्या कापडावर पावलं उमटवली होती. जपानी डिझायनर इसे मियाकेच्या चुण्यांच्या कपड्यांचा मी भक्त आहे. रानजाईंच्या नवऱ्याचा कोट त्याच जातीचा वाटतोय. मियाकेने उलटी रीत शोधली. आधी कपडा अडीच-तीन पट मोठा शिवायचा आणि मग कागदांच्या थरांत ठेवून उष्णतेने दाबून चुण्या पाडायच्या. कापड पॉलिएस्टर, म्हणून त्या चुण्या धुऊनही जात नाहीत. १९९३ मध्ये त्याचं 'प्लीट्स प्लीज' हे कपड्यांचं लेबल याच रीतीवर उभं राहिलं. गुंडाळून बॅगेत कोंबा, झटका आणि घाला. स्पाच्या दिवसासाठी याहून चांगला कपडा नाही.

"हे घालतात कसं" हा प्रश्न नवाही नाही. फॅशन डिझायनर एल्सा स्कियापारेलीने चित्रकार साल्वादोर दालीसोबत बुटाच्या आकाराची टोपी केली ती १९३७ मध्ये. डिझायनर पाको राबानने १९६६ मध्ये धातू आणि प्लास्टिकचे 'न घालता येण्याजोगे' १२ पोशाख दाखवले. जपानी डिझायनर रेई कावाकुबोने १९९७ साठीच्या संग्रहात कपड्यांच्या आत भलत्याच जागी उशा भरल्या, पाठीवर, कमरेवर, खांद्यावर. मी ते फोटोंतच बघितले आहेत, पण सांजसावली, तुमचा प्रतिसाद वाचताना मला तेच आठवले. शरीर कसं दिसावं हे एकदा कपड्यानेच झुगारून दिलं की आरशातला निकाल निकाल राहत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. मी रस्त्यावर असा निघालो की लोक बघतात, आणि ते बघणं माझ्यावरच थांबत नाही, शेजारून चालणाऱ्या बायकोवरही येतं. तिने काही मागितलेलं नसताना. हे तिने मला बऱ्याच काळाने सांगितलं आणि सांगितलं हे फार बरं झालं. आता ठरलंय: तिच्या कामाच्या लोकांत जाताना मी साधा. आमचा दोघांचा दिवस असला की मला हवं ते, आणि त्या दिवशी ती माझा हात धरून चालते. ते हात धरणं माझ्यासाठी कोणत्याही कोटापेक्षा मोठं आहे.

रानजाई

उभाआडवा, शेवटचा परिच्छेद नवऱ्याला वाचून दाखवला. आमच्याकडे हे बोलणं झालेलंच नाही. आज होईल.

सांजसावली, तुमचा मुद्दा मला पटला आहे. माझा क्रम माझ्यासारख्या, आरशासमोर न घाबरणाऱ्या बाईचा होता. बिनतेलाचा मसाज आणि मग दुकान, हे तुमच्यासाठी योग्यच. बूट मात्र तेव्हा घेऊ नका.

बखिया

शिवणकाम करते, जुने कपडे दुरुस्तही करते. दुकानात कपडा आवडला की लोक समोरून बघतात. तुम्ही आधी उलटा करा.

आतली शिवण बघा. शिवणीत माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, किती सोडली आहे? दोन बोटं असेल तर वाढवता येईल, काठाशी कापलेली असेल तर जसा आहे तसाच बसला पाहिजे. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, बघा. कंबर, लांबी, बाही सगळं बदलता येतं, पण मुंढा आणि खांदा बदलणं म्हणजे कपडा पुन्हा शिवणं. हात वर करा, पुढे घ्या, मिठी मारल्यासारखे. जोडीदार सोबत आहे तर खरीच मिठी मारून बघा. पाठीत तटतटलं तर ठेवून द्या.

जुन्या कपड्यावरचा मापाचा आकडा विसरा. त्याच आकड्याची मापं काळानुसार सैल होत गेली आहेत. टेप सोबत ठेवा आणि घरी नीट बसणाऱ्या एखाद्या कपड्याची मापं लिहून न्या.

चेन धातूची असेल तर कपडा १९६० च्या दशकाआधीचा असू शकतो, नायलॉनच्या चेन त्या सुमारास सर्रास झाल्या. नुसत्या चेनवर विसंबू नका, चेन बदललेलीही असते. अमेरिकन कपड्यावर धुण्याच्या सूचनांची पट्टी असेल तर बहुधा १९७२ नंतरचा, तेव्हापासून ती सक्तीची झाली. १९व्या शतकाच्या शेवटचं आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीचं रेशीम घेताना फार जपा. त्या काळी रेशमाला वजन यावं म्हणून कथिलाचे क्षार चढवत. असं रेशीम घड्यांवर आपोआप चिरत जातं आणि ते कोणालाच सांधता येत नाही. उजेडासमोर धरा, उभ्या बारीक चिरा दिसल्या तर फक्त बघून आनंद घ्या.

लोकर असेल तर कॉलरखाली आणि बगलेत बघा. बारीक भोकं म्हणजे कसर. तरीही घ्यायचाच असेल तर घरात आणल्याबरोबर हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशाला दोन आठवडे. कपाटात त्याआधी अजिबात नाही.

उरेब कापलेले झगे, म्हणजे कापड धाग्याला तिरकं, ४५ अंशात धरून बेतलेले, अंगावर पाण्यासारखे पडतात. १९२० च्या दशकात फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोनेने या काटछाटीचं सोनं केलं. ते हँगरला टांगून ठेवू नका, स्वतःच्या वजनाने लांबतात. घडी न घालता आडवे ठेवा. आणि ट्रायल रूममध्ये असा झगा घातल्यावर लगेच बाहेर येऊ नका. दोन मिनिटं थांबा, कापड अंगावर उतरू द्या, मग बघा.

अबोली

बखिया, वाफ, दोघांचेही खूप आभार. नवऱ्याला धागा दाखवला. कुंड आणि सौना चालेल म्हणाला, आणि स्वतःहून विचारलं की माझ्यासाठी कपडा तो निवडू शकतो का!! रविवारी जातोय. एकच शेवटचं विचारते, घरून निघताना काय घालू? दोन्हीकडे चालेल असं?

बखिया

पुढून बटणांचा सैल शर्ट, म्हणजे काढताघालताना केस आणि चेहरा मध्ये येत नाही. इलॅस्टिकची पँट, नाडी किंवा पट्टा नको, कमरेवर वळ उमटतात आणि मग झगा नीट बसला की नाही कळत नाही. आतले कपडे त्वचेच्या रंगाचे, बिनशिवणीचे. पायांत सहज निघणारे बूट, आणि पिशवीत एक जोडी पातळ मोजे, दुकानात बूट घालून बघायला. लिपस्टिक लावू नका, गळ्यातून कपडा काढताना लागते. दागिने घरीच. पोहण्याचा पोशाख दोघांचाही घ्या, आणि ओला ठेवायला वेगळी पिशवी, म्हणजे नवऱ्याने निवडलेला कपडा कोरडा घरी येईल.